ग्वेन्व्हरची लाट, पोर्थकर्नोची तार

ग्वेन्व्हरच्या पुळणीवर हॉटेल नाही, चहाची टपरी नाही, स्वच्छतागृहही नाही. गाडी वर कड्यावर उभी करायची आणि तिथून खडी पायवाट नि पायऱ्या उतरून खाली जायचं. सर्फबोर्ड काखेत मारून उतरणारा गडी निम्म्या वाटेतच परतीच्या चढणीचा हिशोब करू लागतो. इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला, कॉर्नवॉल परगण्यात, लँड्स एन्ड या प्रसिद्ध भूशिरापासून काही मैलांवर ही जागा आहे. लँड्स एन्डला पर्यटकांच्या बसगाड्या रांगेने लागतात. ग्वेन्व्हरला मात्र भर उन्हाळा सोडला, तर वाळूवर माणसं मोजून घ्यावीत इतकीच असतात. गर्दीला इथवर येऊ देत नाही ती ही उतरण.

नकाशावर या उपसागराचं नाव व्हाइटसँड बे. त्याच्या दक्षिण टोकाला सेनेन कोव्ह हे मच्छीमारांचं छोटं गाव आणि त्याची लांबरुंद पुळण, उत्तर टोकाला ग्वेन्व्हर. ओहोटीला दोन्ही पुळणी एक होतात आणि मैलभराहून लांब सलग वाळू उघडी पडते. भरती आली, की मधले खडक त्यांची पुन्हा फारकत करतात. मग सेनेनकडे परतायला किनाऱ्याच्या वरून जाणारी पायवाटच धरावी लागते. भरती-ओहोटीच्या पातळ्यांत उधाणाच्या दिवसांत सुमारे पाच मीटरचा फरक पडतो, त्यामुळे इथे येणारा शहाणा माणूस घड्याळाच्या आधी भरतीचं कोष्टक पाहतो.

दोन्ही पुळणी एकाच उपसागरात असल्या, तरी लाटा मात्र सारख्या नाहीत. सेनेनच्या दक्षिण बाजूला पेड्न-मेन-डू नावाचा सुळका समुद्रात घुसलेला आहे. नैर्ऋत्येकडून येणाऱ्या लाटांचा जोर तो अडवतो, म्हणून गावाजवळचं पाणी नवशिक्यांना झेपतं. ग्वेन्व्हरला असा आडोसा नाही. वायव्य अटलांटिकमध्ये, न्यूफाउंडलंड किंवा ग्रीनलंडच्या बाजूला वादळ उठलं, की तिथल्या वाऱ्याने उठवलेल्या लाटा पूर्वेकडे निघतात. लांब पल्ल्याच्या लाटा पुढे, आखूड लाटा मागे, अशी त्यांची वाटेतच वर्गवारी होते. दोन लाटांमध्ये चौदा सेकंदांचं अंतर असेल, तर त्यांचा जथा खोल समुद्रातून ताशी सुमारे ४० किलोमीटर वेगाने सरकतो. म्हणजे २,००० किलोमीटरवरचं वादळ दोन दिवसांनी ग्वेन्व्हरच्या वाळूवर हजेरी लावतं, तेही इथलं आभाळ निरभ्र आणि वारा पडलेला असताना. कॉर्नवॉलमध्ये इतरत्र समुद्र सपाट असेल, तेव्हाही इथे एखादी लाट मिळते, अशी या पुळणीची ख्याती आहे.

चांगली लाट यायला वाराही योग्य हवा. पुळणीचं तोंड पश्चिम-वायव्येला, म्हणून इथे पूर्वेचा वारा हवाहवासा. कोकणातला मतलई वारा जसा जमिनीवरून समुद्राकडे वाहतो, तसा तो लाटेच्या तोंडावर येतो, तिला फुटण्यापासून जरा थोपवून धरतो आणि तिची भिंत गुळगुळीत ठेवतो. कड्यावरून पाहताना हे सगळं उघड्यावर चाललेलं दिसतं. क्षितिजाजवळ एकामागे एक तीन-चार काळसर रेघा उमटतात. बराच वेळ निवांत बसलेले सर्फर पोटावर पडून वल्हवू लागतात. वाळूच्या दांड्यावर पहिली रेघ उभी राहते, तिच्या माथ्यावरून वारा पाण्याची फवार मागे उडवतो, आणि एकजण उठून डावीकडे सरकत जातो. बाकीचे मागे वळून पुढच्या रेघेकडे पाहत राहतात. सर्फिंगमधला बहुतेक वेळ असा वाट पाहण्यात जातो.

कॉर्नवॉलला हा नाद लागला त्याला शंभर वर्षं होऊन गेली. पहिल्या महायुद्धानंतर लाकडी फळीवर पोट टेकून लाटेवरून घसरत येण्याचा खेळ उत्तर किनाऱ्यावर रुजला. पेरनपोर्थ गावात सुरुवातीच्या फळ्या तयार केल्या, त्या तिथल्या शवपेट्या बनवणाऱ्या सुताराने. फळ्या त्याच्याकडे होत्याच, त्या वाकवण्याचं कसबही होतं. पुढे १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला न्यूकी गावात ऑस्ट्रेलियन जीवरक्षक आले, त्यांनी फायबरग्लासचे बोर्ड आणले, आणि उभ्याने लाट घेण्याचं वेड पसरलं. १९९० साली याच किनाऱ्यावर, सेंट अॅग्नेस गावात, सांडपाण्यात पोहून आजारी पडायला कंटाळलेल्या सर्फरांनी ‘सर्फर्स अगेन्स्ट सूएज’ ही संघटना उभी केली. गॅस मास्क चढवून, बोर्ड हातात घेऊन केलेली त्यांची निदर्शनं गाजली. आज ती ब्रिटनमधल्या ठळक पर्यावरण संघटनांपैकी एक आहे.

पाण्यात उतरणाऱ्याने दोन गोष्टी मनाशी पक्क्या केलेल्या बऱ्या. एक म्हणजे गारठा. फेब्रुवारी-मार्चमध्ये पाणी ९-१० अंश सेल्सिअसवर येतं, आणि ऑगस्टअखेर फार तर १६-१७ पर्यंत चढतं. मालवण-तारकर्लीच्या पाण्याला सरावलेल्या अंगाला हा उन्हाळाही सोसवत नाही, वेटसूट लागतोच. दुसरी गोष्ट म्हणजे ओढ. लाटांनी किनाऱ्याकडे लोटलेलं पाणी वाळूच्या दोन दांड्यांमधल्या चरातून परत समुद्राकडे धावतं. वरून पाहिलं, तर हीच पट्टी सर्वांत शांत दिसते, कारण तिथे लाटा फुटत नाहीत, आणि अजाण माणूस नेमका तिथेच पाण्यात शिरतो. ओढीत सापडलेल्याने किनाऱ्याकडे झुंजत न राहता आडवं पोहून बाहेर पडायचं असतं. उन्हाळ्यात आरएनएलआय या सेवाभावी संस्थेचे जीवरक्षक पुळणीवर असतात. लाल-पिवळ्या झेंड्यांमधला भाग पोहणाऱ्यांचा, काळ्या-पांढऱ्या चौकड्यांच्या झेंड्यांमधला सर्फबोर्डवाल्यांचा, आणि नुसता लाल झेंडा दिसला तर पाण्यात पाय घालायचा नाही.

ग्वेन्व्हरहून दक्षिणेला चालू लागलं, की साऊथ वेस्ट कोस्ट पाथ भेटतो. ओकच्या फळाचं चिन्ह कोरलेल्या खुणा वाट दाखवतात. सॉमरसेटमधल्या माइनहेडपासून डॉर्सेटमधल्या पूल बंदरापर्यंत १,०१४ किलोमीटर लांब असलेली ही वाट हौशी माणसांसाठी आखलेली नव्हती. चोरटा माल उतरवणाऱ्यांवर पाळत ठेवायला तटरक्षक रोज याच वाटेने गस्त घालत. प्रत्येक घळीत, प्रत्येक खाचेत डोकावून पाहणं हे त्यांचं काम, म्हणून वाटही कड्याची कड सोडत नाही. आजच्या पायी फिरणाऱ्याला प्रत्येक वळणावर समुद्र दिसतो तो त्या गस्तीमुळे.

सेनेन कोव्हमध्ये अशी पाळत मच्छीमारही ठेवत, पण माशांवर. मलेट माशांचा थवा उपसागरात शिरला, की कड्यावर बसलेला टेहळ्या हातातली झुडपं हलवून खाली होड्यांना दिशा दाखवत असे. त्याच्या इशाऱ्यावर जाळं टाकलं जाई. होड्या वाळूवर ओढून घ्यायला माणसांनी फिरवायचं लाकडी रहाट होतं. ते ज्या गोल इमारतीत बसवलं होतं, तिथे आता चित्रांचं दालन आहे. रहाट अजून जागेवरच आहे. जीवरक्षक होडीचं ठाणं १८५३ सालचं. त्याच्या घसरणीवरून होडी आजही थेट समुद्रात उतरते.

गावामागून वाट पेड्न-मेन-डूवर चढते. माथ्यावर तटरक्षकांची जुनी दगडी चौकी आहे, आणि पुढे मेन कॅसल नावाच्या लोहयुगातल्या कडेकोटाचे अवशेष. तीन बाजूंना समुद्र आणि चौथ्या बाजूला खंदक व दगडी बांध, ही रचना सिंधुदुर्ग-रत्नागिरीकडच्या माणसाला नवी नाही. फक्त या बांधाचं वय दोन हजार वर्षांहून जास्त आहे.

याच कड्याखाली २२ मार्च २००३ रोजी ‘म्युलहाइम’ हे मालवाहू जहाज खडकांवर चढलं. त्यात मोटारगाड्यांच्या भंगारातलं सुमारे २,२०० टन प्लास्टिक होतं. वादळ नव्हतं, यंत्रही बिघडलं नव्हतं. पहाऱ्यावरच्या अधिकाऱ्याची विजार खुर्चीच्या दांड्यात अडकली, तो पडला, डोक्याला मार बसून बेशुद्ध झाला, आणि शुद्धीवर येईपर्यंत जहाज किनाऱ्याला लागायच्या बेतात होतं. सहाही खलाशी वाचले. जहाजाचे मात्र समुद्राने हळूहळू तुकडे केले. बरंचसं प्लास्टिक काढून नेलं गेलं, उरलेलं आसपासच्या किनाऱ्यांवर पसरलं.

समोर दोनेक किलोमीटरवर लाँगशिप्स दीपगृह खडकांच्या माळेवर उभं आहे. पहिला मनोरा १७९५ सालचा. मोठ्या वादळात लाटा त्याच्या दिव्यावरून जात आणि उजेड झाकोळून जाई, म्हणून १८७३ साली आजचा उंच मनोरा बांधला गेला. १९८८पासून तिथे माणूस राहत नाही.

सेनेनपासून दोन किलोमीटर चाललं, की लँड्स एन्ड येतं. स्कॉटलंडच्या उत्तरेच्या जॉन ओ’ग्रोट्सपर्यंत इथून सुमारे १,४०० किलोमीटर. हे अंतर सायकलने, पायी, कुठल्याही अतरंगी वाहनाने पार करण्याची इंग्रजांना भारी हौस. दिशादर्शक खांबाजवळ फोटोसाठी पैसे मोजणाऱ्यांची रांग, खेळांची दालनं, दुकानं, असा हा सगळा खासगी मालकीचा कारभार आहे. त्याच्या दोन्ही बाजूंचा किनारा मात्र बराचसा नॅशनल ट्रस्टकडे आहे. १८९५ साली स्थापन झालेल्या या संस्थेने १९६५ साली ‘नेपच्यून’ मोहीम काढली, लोकांकडून पैसे गोळा केले आणि किनारे विकत घेत गेली. बंगले, तंबूतळ आणि वाहनतळ कड्यापर्यंत पोचले नाहीत याचं श्रेय पुष्कळसं या खरेदीला जातं. दिशादर्शक खांबापासून दहा मिनिटं पुढे गेलं, की गर्दी संपते.

इथून पुढे खडक बोलायला लागतो. सह्याद्रीतल्या काळ्या बेसाल्टला सरावलेल्या डोळ्यांना हा ग्रॅनाइट निराळा वाटतो. रंग राखाडी-सोनेरी आणि अंगावर फेल्डस्पारचे बोटाच्या पेराएवढे पांढरे स्फटिक. दख्खनचा लाव्हा साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, हा ग्रॅनाइट २७ ते ३० कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या पोटात थंड होत गेलेला. थंड होताना त्याला उभ्या-आडव्या भेगा पडल्या. समुद्र त्याच भेगांत शिरतो आणि कड्याचे चौकोनी ठोकळे सुटे करतो, त्यामुळे रचलेल्या बुरुजासारखे सुळके उभे राहतात. मे महिन्यात या खडकांच्या सांदीत थ्रिफ्टची गुलाबी फुलं येतात, ऑगस्टमध्ये माळावर जांभळा हेदर आणि पिवळा गॉर्स एकत्र फुलतात. लाल चोचीचा, लाल पायांचा काळा पक्षी भिरभिरत ओरडताना दिसला, तर तो चफ. कॉर्नवॉलच्या मानचिन्हावरचा हा पक्षी परगण्यातून नाहीसाच झाला होता. २००१ साली तो आपणहून लिझर्ड भूशिरावर परतला, आणि तिथून या बाजूलाही पसरला.

नानजिझलच्या खाडीला रस्ताच नाही. कड्यातली एक उभी चिंचोळी फट आरपार समुद्राकडे उघडते आणि ओहोटीला तिच्या तळाशी निळं-हिरवं पाणी साठून राहतं. वाळू मात्र तिथे असेलच असं नाही. हिवाळी वादळं ती उचलून नेतात, मग नुसते धोंडे उरतात, आणि कधीतरी समुद्र ती परत आणून टाकतो.

ग्वेनॅप हेडवर दोन शंकू उभे आहेत, समुद्राकडचा लाल, जमिनीकडचा काळा-पांढरा. समोर मैलभरावर पाण्याखाली रनल स्टोन हा खडक आहे. जहाजावरून पाहताना काळा-पांढरा शंकू लाल शंकूच्या मागे पूर्ण लपला, तर समजायचं की आपण खडकाच्या डोक्यावर आहोत. ना दिवा, ना यंत्र, नुसती दोन खुणांची सरळ रेषा. १९२३ साली ‘सिटी ऑफ वेस्टमिन्स्टर’ ही आगबोट रनल स्टोनवर आदळली आणि तिने खडकाचा शेंडाच उडवला. तोवर तो ओहोटीला पाण्याबाहेर दिसत असे. भूशिरावरच्या चौकीत आता नॅशनल कोस्टवॉच संस्थेचे स्वयंसेवक बसतात. तटरक्षकांच्या चौक्या बंद होऊ लागल्यावर १९९४ साली ही संस्था सुरू झाली. दुर्बीण, रेडिओ आणि नोंदवही घेऊन ते पाळीपाळीने जहाजं, होड्या, सर्फर आणि कड्यावरून चालणाऱ्यांवर नजर ठेवतात.

पोर्थग्वाराच्या इवल्याशा बंदरात उतरताना कड्यातून खोदलेलं भुयार लागतं. सेंट जस्टच्या कथील खाणकामगारांनी ते खोदून दिलं, कारण शेतकऱ्यांना खतासाठी समुद्रशेवाळ वर न्यायचं होतं. बीबीसीच्या ‘पोल्डार्क’ मालिकेचं चित्रीकरण इथे झाल्यापासून नायकाच्या चाहत्यांचीही इकडे ये-जा असते.

पुढच्या कड्यावर मिनॅक हे उघडं नाट्यगृह आहे, आणि नाटकाची चटक असलेल्या मराठी माणसाचे पाय तिथे अडतातच. रोवेना केड या बाईंच्या घराची बाग समुद्रावर संपत होती. गावातल्या हौशी मंडळींना शेक्सपिअरचं ‘टेम्पेस्ट’ करायचं होतं. बाईंनी माळ्याला हाताशी धरून कड्याच्या पोटात बैठका आणि रंगमंच कोरला, आणि १९३२च्या उन्हाळ्यात मोटारींच्या दिव्यांच्या उजेडात नाटक झालं. मागचा पडदा म्हणजे अटलांटिक. पुढची पन्नास वर्षं त्या बांधत राहिल्या. खालच्या पुळणीवरची वाळू वर वाहून आणायची, सिमेंटमध्ये कालवायची आणि ओल्या सिमेंटवर स्क्रूड्रायव्हरने नक्षी काढायची. बैठकांच्या पाठींवर कोरलेली नाटकांची नावं आणि वर्षं आजही वाचता येतात. १९८३ साली केड वारल्या, नाटकं मात्र दर मोसमात होतात.

मिनॅकच्या पायऱ्यांनी खाली उतरलं, की पोर्थकर्नोची शिंपल्यांच्या चुऱ्याची पांढरी पुळण लागते. मुंबईचा या किनाऱ्याशी असलेला संबंध इथे, अक्षरशः वाळूखाली, पुरलेला आहे. १८७० सालच्या जूनमध्ये इथे समुद्राखालून आलेली तार जमिनीवर काढली गेली. ती मूळ फाल्मथ बंदरात न्यायची होती, पण तिथे जहाजांच्या नांगरांनी ती तुटण्याचा धोका होता. त्यामुळे या निवांत, आडवळणाच्या खाडीची निवड झाली. तिकडे ‘ग्रेट ईस्टर्न’ हे त्या काळचं सर्वांत मोठं जहाज फेब्रुवारीत मुंबईहून तार टाकत एडनकडे निघालं होतं. एडन, सुएझ, अलेक्झांड्रिया, माल्टा, जिब्राल्टर, लिस्बनजवळचं कार्काव्हेलुश आणि पोर्थकर्नो असे दुवे जोडले गेले, आणि मुंबई लंडनशी बोलू लागली. त्याआधी इराणी आखातामार्गे जमिनीवरून जाणारी तार होती. पण वाटेतल्या परक्या कारकुनांच्या हातून निरोप कित्येक दिवसांनी आणि मोडतोड होऊन पोचे. लिव्हरपूलच्या कापसाच्या भावावर जगणाऱ्या मुंबईच्या व्यापाऱ्यांना या दिरंगाईची किंमत चांगलीच ठाऊक होती.

तारेवरची सांकेतिक खूण ‘पीके’ हीच आज इथल्या संग्रहालयाची ओळख आहे. निम्मं संग्रहालय भुयारात आहे. दुसऱ्या महायुद्धात बॉम्बहल्ल्याच्या भीतीने कथील खाणकामगारांनी डोंगरात ही भुयारं खोदली, आणि १९४१पासून काम त्यांत हललं. त्या काळी जगातल्या सर्वांत मोठ्या तारकेंद्रांत पोर्थकर्नोची गणना होत असे. आत पितळी उपकरणं चालू करून दाखवतात. सुरुवातीच्या आरसा-यंत्राची करामत तर बघण्यासारखी. हजारो किलोमीटर समुद्र ओलांडून येणारा विद्युतप्रवाह इतका क्षीण असे, की त्याने हलेल अशी वस्तू म्हणजे केसाएवढ्या धाग्याला टांगलेला इवलासा आरसा. त्यावरून परावर्तित झालेला प्रकाशाचा ठिपका अंधाऱ्या खोलीत पट्टीवर डावीकडे-उजवीकडे सरके, आणि कारकून त्यातून अक्षरं वाचून काढी. पाळीभर डोळे त्या ठिपक्यावर.

हे केंद्र १९७० साली, बरोबर शंभर वर्षांनी, बंद झालं. पण पुळणीचं काम संपलं नाही. १९९७ साली सुरू झालेली ‘फ्लॅग’ ही सुमारे २८,००० किलोमीटरची प्रकाशतंतू केबल पोर्थकर्नोहून निघते आणि मुंबईमार्गे जपानपर्यंत जाते. ती टाकणारी कंपनी पुढे रिलायन्सने विकत घेतली.

सेनेन ते पोर्थकर्नो ही चाल सुमारे १० ते ११ किलोमीटरची. चढउतार, घळी आणि थांबे धरून निम्मा दिवस सहज जातो. ज्यांना अजून निवांतपणा हवा, त्यांनी ग्वेन्व्हरहून उलट, उत्तरेला वळावं. त्या बाजूला पोर्थ नॅनव्हेनच्या किनाऱ्यावर समुद्राने घासून अंड्यासारखे गुळगुळीत केलेले ग्रॅनाइटचे गोटे पसरलेले आहेत. लोक ते बागेसाठी उचलून नेऊ लागले, तेव्हा त्यांना कायद्याचं संरक्षण द्यावं लागलं. त्याहीपुढे केप कॉर्नवॉलवर खाणीची एकाकी चिमणी उभी आहे.

लंडनच्या पॅडिंग्टन स्थानकावरून पेन्झन्सला गाडी साधारण पाच तासांत पोचते, शनिवार सोडून रात्रीची झोपायची गाडीही असते. पेन्झन्सहून सेनेन, लँड्स एन्ड आणि पोर्थकर्नोला बस आहे. उन्हाळ्यात ती उघड्या टपाची असते आणि बऱ्याच फेऱ्या करते, हिवाळ्यात फेऱ्या कमी होतात. म्हणून चाल सुरू करण्याआधी पोर्थकर्नोहून सुटणाऱ्या शेवटच्या बसची वेळ लिहून घ्यावी. वाटेत खायला कॉर्निश पेस्टी घ्यावी. करंजीच्या आकाराच्या या जाड आवरणात गोमांस, बटाटा, कांदा आणि स्वीड हा कंद भरलेला असतो. मांस न खाणाऱ्यांसाठी चीज-कांद्याची पेस्टीही बहुतेक बेकऱ्यांत मिळते. ती सेनेनलाच पिशवीत टाकलेली बरी, कारण लँड्स एन्ड मागे पडलं की पोर्थग्वारा येईपर्यंत वाटेत एकही दुकान लागत नाही.